भोक पाडलेली नोट

पुण्याहून फोटो आला तेव्हा
अण्णा दाढी करत होते.
मी आरशाच्या आड फोन धरला:
करड्या पाण्यात विखुरलेल्या चकत्या,
प्रत्येकीच्या मधोमध काळा ठिपका.

"हे काय, किडे?"

विषाणू. म्हणजे विषाणूंची टरफलं.
शेंग आहे, दाणा आम्ही घातलाच नाही.
काळं दिसतंय तिथं रंग आत शिरलाय.
आत कुणी असतं
तर त्याला जागा मिळाली नसती.

या काळ्या ठिपक्यासाठी तीन वर्षं गेली.
सातपूरला, नटबोल्टच्या कारखान्यावर दुसरा मजला,
खालचं लेथ सुरू झालं की आमच्या बाटल्या थरथरतात.
शाहिस्ता आणि मी यीस्ट पोसतो.
त्याचीच भावंडं तिकडे गंगापूर धरणाच्या अंगाला
द्राक्षरसाची वाइन करतात,
आमच्याकडची मुकाट्यानं कवचाचे तुकडे घडवतात.
तुकडे सुटे होतात, आणि मग
कुणी न सांगता, माप न घेता,
एकमेकांना धरून गोल बसतात.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाहिस्ता म्हणाली,
"हे बघ, पंगत."

त्या गोलावर, बाहेरून,
आम्ही टाचतो भलत्याच रोगाचा एक कोपरा.
इतका लहान, की एकटा पाठवला
तर रक्त ढुंकूनही बघत नाही.

अण्णांनी वस्तरा भांड्यात आपटला.
"आत काहीच नाही, तर शरीर घाबरेल कशाला?"

शरीर आत बघतच नाही, अण्णा.
ते बाहेरून चाचपतं.
तीच खूण, सारख्या अंतरावर, पुन्हा, पुन्हा, पुन्हा.
एवढी शिस्त त्यानं शत्रूकडेच पाहिलेली असते.

मग फसलो तेही सांगून टाकलं.
पहिल्या खेपेला उंदरांच्या रक्तानं
टेम्पो बरोबर ओळखला, नंबरासकट.
टेम्पोत माल काय होता?
ते कुणालाच आठवेना.
कर्डक मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
वाहक जरा जास्तच देखणा झालाय.
तेव्हा तो कोपरा उचलून
कवचाच्या उंचवट्यावर नेला, अगदी टोकाला,
पहिला हात जिथं पडेल तिथं.

अण्णा चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
भोंग्यावर जाणं, भोंग्यावर येणं,
फाटकावर रोज खिसे उलटे.
कोट्यवधी हातातून गेले,
घरी आली ती बोटांच्या टोकांची सवय.
अजून भाजीवाल्याची सुटी मोड घेताना
त्यांचा अंगठा नोटेवर क्षणभर थांबतो.

ते थांबले. अर्ध्या गालावर फेस.
"रद्द नोटेला आम्ही भोक पाडायचो.
शेजारच्या टेबलावर निरभवणे, दिवसभर भोकंच पाडायचा.
कागद तोच. जलचिन्ह तेच. रेघ न् रेघ तीच.
बाजारात मात्र कवडी यायची नाही तिची.
पण नवा पोरगा कामाला आला
की त्याच्या हातात तीच द्यायचो पहिली.
म्हणायचो, शिक हिच्यावर."

मी काही बोलले नाही.
निधीच्या सात अर्जांत, प्रत्येकी चाळीस पानांत,
मला हे लिहिता आलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेचं रक्त बुधवारी काढायचंय.
कदाचित पुन्हा टेम्पोच ओळखतील.
शाहिस्तानं उंदरांच्या पिंजऱ्यांना
चिठ्ठ्या लावल्यात, हिरव्या शाईनं,
हिरवी तिला लाभते म्हणे.

"आण इकडे," अण्णांनी ओल्या हातानं फोन घेतला,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"मोजल्यास किती आहेत?"
नाही.
"मोजल्या नाहीस?"
आवाज असा, जणू मी फाटक उघडं टाकून आले.

काचेवर एकेकीला बोट लावत
ते मोजू लागले,
अकरा, बारा,
एक किंचित चेपलेली होती
ती त्यांनी वेगळी धरली.
गालावरचा फेस वाळत होता.